खासगी शाळा म्हणजे नेमकं काय? चालवतं कोण, पैसे कोणाचे, मुलं निवडतं कोण

खासगी शाळांवरचे वाद भरकटतात, कारण तीन वेगळे प्रश्न एकाच शब्दात कोंबले जातात. शाळा कोण चालवतं? खर्च कोण उचलतं? प्रवेश कोणाला, हे कोण ठरवतं? नेदरलँड्समध्ये सुमारे दोन तृतीयांश मुलं खासगी संस्थांच्या शाळांत शिकतात, पण १९१७ च्या घटनादुरुस्तीपासून त्या शाळांना सरकारी शाळांच्या बरोबरीनं सरकारी निधी मिळतो. म्हणून खासगी म्हणजे श्रीमंतांची, हे समीकरणच चूक. माझ्या मते तिसरा प्रश्न सर्वांत मोठा. निवडीचा अधिकार हाती आला की शाळा शिकवण्यापेक्षा निवडण्यावर मेहनत घेते.

प्रतिसाद १ : सगळं खापर निवडीवर नको
खासगी शाळेची ताकद निर्णयाच्या वेगात आहे. गणिताचे शिक्षक सत्राच्या मध्यात सोडून गेले तर मुख्याध्यापक आठवड्याभरात दुसरे नेमू शकतात. केंद्रीय भरतीत तोच तास महिनोन्‌महिने रिकामा जातो. आणि निकाल चांगले लागतात, ते कसे नाकारणार?

प्रतिसाद २ : निकालातच गफलत आहे
समजा वर्गात ६० मुलं. परीक्षेआधी १२ कच्च्या मुलांना दाखला घ्यायला लावला, उरलेली ४८ पास झाली. जाहिरातीत १०० टक्के, प्रत्यक्षात ८०. म्हणून किती बसले हे विचारू नका, दोन वर्षांपूर्वी पटावर किती होते ते विचारा. पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतही खासगी शाळांची मुलं पुढे दिसतात, पण घरची परिस्थिती हिशेबात धरली की बहुतेक देशांत ती आघाडी उरत नाही.
भरतीचा वेग मान्य. पण तोच वेग काढून टाकण्यातही असतो. वर्षात तीन शिक्षक बदलले तर प्रत्येक जण अपूर्णांकांपासून सुरुवात करतो आणि समीकरणं राहून जातात.

प्रतिसाद ३ : चिलीचा अनुभव
तिथं १९८१ पासून सरकारी पैसा मुलामागोमाग खासगी शाळेत जाऊ लागला, निवडीची मुभा मात्र शाळांकडेच राहिली. गरीब मुलं सरकारी शाळांत साचली. २००८ मध्ये गरीब मुलामागे जादा अनुदान आलं. २०१५ च्या कायद्यानं अनुदानित शाळांतली निवड, नफा आणि अनुदानावर पालकांकडून घेतली जाणारी वरची फी टप्प्याटप्प्यानं बंद करायला घेतली. शाळा खासगीच राहिल्या.

प्रतिसाद ४ (प्रतिसाद १ चे लेखक)
निवड काढली तर संगीताच्या किंवा वेगळ्या शिक्षणपद्धतीच्या शाळेची ओळख कशी टिकणार?

धागालेखक
ओळख अभ्यासक्रमात असते. शाळेची पद्धत आधी स्पष्ट सांगा, ती मान्य असलेले अर्ज करतील, मग त्या सगळ्यांची सोडत काढा. मात्र आधी येईल त्याला आधी अशी रांग नको. स्वीडनमध्ये बऱ्याच खासगी शाळा नोंदणीच्या तारखेनुसार प्रवेश देतात, त्यामुळे माहीतगार पालक मूल तान्हं असतानाच नाव घालून ठेवतात. मागाहून शहरात आलेल्या कुटुंबाचा नंबर लागतच नाही.