शब्दचर्चा : पात्र, अपात्र आणि नोटिशीतली मराठी

विचारणा

मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत वस्तीची यादी लागते, तेव्हा प्रत्येक नावापुढे ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा असतो. कागदावर या यादीचं नाव परिशिष्ट-२, वस्तीत ती सगळ्यांची ‘अ‍ॅनेक्श्चर टू’. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना अशा याद्या आणि नोटिसा मी वाचून दाखवते. ‘अपात्र’ वाचलं की बहुतेक जण पहिला प्रश्न कागदपत्रांबद्दल विचारत नाहीत. “आम्ही काय वाईट केलं?” असं विचारतात. शब्दकोशात पात्र म्हणजे भांडं, नदीचं पात्र, नाटकातलं पात्र आणि योग्य माणूस. योजनेतला अर्थ यातल्या कुठल्या अर्थावरून आला? आणि लोकांना समजावताना दुसरा कुठला शब्द वापरावा?

उत्तर

ताई, त्या माणसांचा प्रश्न शब्दाला धरूनच आहे. ज्यात काही घालता येतं ते पात्र, आणि त्यावरूनच ज्याच्या पदरात दान घालावं तोही पात्र. मराठीत ‘सत्पात्री दान’ आणि ‘कुपात्री दान’ हे जोडशब्द आजही रुळलेले आहेत. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काल आणि पात्र या तीन अटी सांगितल्या आहेत, आणि दोनच श्लोकांनंतर ‘अपात्रेभ्यश्च दीयते’ ते दान तामस ठरवलं आहे. कीर्तन-प्रवचनांत हे ऐकत वाढलेल्या माणसाला ‘अपात्र’ म्हटलं, तर त्याला कायद्याची अट ऐकू येत नाही. ‘नालायक’ असंच ऐकू येतं.

आता योजना प्रत्यक्षात काय तपासते ते बघा. ती झोपडी १ जानेवारी २००० रोजी किंवा त्याआधी त्या जागेवर होती का, आणि आज तिथे कोण राहतं. म्हणजे गीतेच्या तिन्हींपैकी देश आणि काल एवढंच तपासलं जातं. माणसाचा गुण-अवगुण कुठेच तपासलेला नसतो, शिक्का मात्र त्याच्या नावावर बसतो. ही तारीखही कायम एकच राहिलेली नाही. आधी ती १ जानेवारी १९९५ होती. २०१४ साली कायद्यात बदल होऊन २००० आली. पुढे २०११ पर्यंतच्या झोपड्यांना पैसे भरून घर घेण्याची वाट मोकळी झाली, तिला ‘सशुल्क पुनर्वसन’ म्हणतात. १९९८ साली झोपडी बांधलेला माणूस कितीतरी वर्षं अपात्र होता आणि एका दुरुस्तीने पात्र झाला. त्याच्यात स्वतःत काय बदललं होतं? काहीच नाही.

धारावीत तर या शब्दाचा अर्थ आणखी सरकला आहे. तिथे अपात्र ठरलेल्यांपैकीही अनेकांना धारावीबाहेर घर द्यायचं धोरण आहे, काहींना ठरलेली रक्कम घेऊन, काहींना भाडे-खरेदी पद्धतीने, म्हणजे भाडं भरत भरत पुढे घर आपल्या नावावर. म्हणजे तिथे ‘अपात्र’ म्हणजे ‘इथे नाही’. कुंभारकाम, चामड्याचं काम, शिलाई जिथल्या तिथे करणाऱ्या घराला ‘इथे नाही’ म्हणजे काय, हे त्या शब्दात कुठेच उमटत नाही.

दानाची छाया ‘मोफत घर’ या शब्दांवरही पडली आहे, आणि ती मला जास्त खटकते. १९९५ साली योजना आली तेव्हा २२५ चौरस फुटांचं घर होतं, मग २६९ झालं, आता ३००. या घरांचा खर्च त्याच जमिनीवर उभ्या राहणाऱ्या विक्रीच्या इमारतीतून निघतो. त्यासाठी बिल्डरला वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकाम करायची परवानगी मिळते. रहिवाशांनी जमीन मोकळी करून दिली नाही तर ती विक्रीची इमारत उभीच राहू शकत नाही. हा सरळ देवाणघेवाणीचा व्यवहार आहे. त्याला ‘फुकट घर’ म्हणायची सवय लागल्यामुळे नवं घर मिळेपर्यंत बिल्डरने द्यायचं भाडं थकलं म्हणून रहिवाशाने तक्रार केली तरी लोकांना तो मागणारा वाटतो. खरं तर ते त्याचं येणं असतं.

आणखी एक उत्तर

सरकारी पत्रव्यवहारात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून दोन शब्दांची भर घालतो.

‘निष्कासन’ म्हणजे बाहेर काढणं, आणि ते माणसाचंच व्हायला हवं. पण नोटिशीत वाक्य असतं, ‘बांधकाम निष्कासित करण्यात येईल’. बांधकामाला बाहेर कुठे काढणार? ते पाडतात. पाडण्याला निष्कासन म्हटलं की वाक्यातून माणूसच गळतो आणि त्याच्यासोबत ‘त्याला कुठे ठेवणार’ हा प्रश्नही. वस्तीतली मराठी याबाबत फार नेमकी आहे. तिथे म्हणतात, ‘तोडायला आले’. काय करायला आले, ते दोन शब्दांत येतं. योजनेत घर रिकामं न करणाऱ्याला १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखाली जी नोटीस येते तिला तर लोक कलमांच्या आकड्यांनीच ओळखतात, ‘तेहतीस-अडतीस’.

दुसरा शब्द ‘अतिक्रमण’. क्रम म्हणजे पाऊल टाकणं, अति म्हणजे मर्यादेपलीकडे. ओलांडणाऱ्याने ठरवून ओलांडलं, असं या शब्दात गृहीत आहे. १९८१ साली मुंबईच्या पदपथांवरच्या झोपड्या काढायला सुरुवात झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्याचा निकाल जुलै १९८५ मध्ये लागला. पोट भरण्याचं साधन हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्या निकालातलं सूत्र सगळ्यांना ठाऊक असतं. पण शब्दाच्या दृष्टीने मला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. ही अतिक्रमणं परिस्थितीने भाग पाडलेली आहेत, निवडीने केलेली नाहीत, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. झोपड्या काढायला मात्र परवानगी दिलीच, पावसाळा संपल्यावर, ३१ ऑक्टोबर १९८५ नंतर. १९७६ च्या झोपड्यांच्या गणनेत ज्यांना ओळखपत्रं मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितलं. हेच ते ‘फोटोपास’. जुन्या वस्त्यांत तो अजून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला असतो, आणि तसाच जपावा.

म्हणून मी ‘अतिक्रमणधारक’ लिहायचं सोडून दिलं होतं. ‘झोपडीधारक’ हा कायद्याच्या कामकाजातलाच शब्द आहे, ‘संरक्षित झोपडीधारक’ हाही आहे. धारक म्हटल्यावर त्याच्याकडे काहीतरी आहे हे मान्य होतं.

विचारणा करणारी

दोघांचेही आभार. पण उद्या यादी हातात असताना मी काय म्हणू? ‘अपात्र’ हा शब्द कागदावर आहे, तो लपवून चालणार नाही.

उत्तर

लपवू नका ताई. शब्द आहे तसा वाचा, कारण कार्यालयात तोच शब्द बोलावा लागणार. पण लगेच पुढे कारण वाचा, तेही घरच्या भाषेत. ‘तुमचा २००० च्या आधीचा पुरावा त्यांना मिळाला नाही’, ‘झोपडी तुमच्या सासऱ्यांच्या नावावर आहे, वारसाचा कागद हवा’, ‘तुम्ही माळ्यावर राहता आणि त्यांनी खालचंच घर धरलं आहे’. या तीन गोष्टी एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. पहिल्या दोन कागद मिळाला तर सुटू शकतात, तिसऱ्यात लढाई नियमाशी आहे. तिन्हींवर एकच शिक्का बसल्यामुळे ज्याचं काम जुन्या मतदारयादीच्या एका नकलेने होण्यासारखं असतं तोही आशा सोडून घरी बसतो. ‘अपात्र’ शब्दाचं सगळ्यात मोठं नुकसान मला हेच वाटतं.

यादीत ‘अनिर्णित’ असाही शेरा दिसेल. पाहणीच्या दिवशी दाराला कुलूप होतं किंवा वारसांचा वाद आहे, अशी नावं त्यात सापडतात. पुष्कळ लोक ‘अनिर्णित’ला ‘अपात्र’च समजतात, तो फरक मुद्दाम सांगा. आणि अपात्रतेविरुद्ध अपील करता येतं. निर्णयाच्या कागदावरची तारीख आधी बघा आणि ज्याचं नाव आहे त्याच्या घरातल्या एखाद्या शिकलेल्या पोराकडून ती लिहून घ्या, कारण अपिलाची मुदत पाळण्यासाठी तीच लागणार आहे.