थंडीनं केळीची पानं जळून राहिली, कापू की गुंडाळू?

बेसाची_बाग
नमस्कार मंडळी. नागपूरजवळ बेस्याला घराच्या मागं थोडी जागा आहे, तिथं पावसाळ्यात जी-नाईन जातीच्या केळीची टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं लावली, छान कमरेएवढी झाली. विहिरीजवळ वेलची केळीचं एक जुनं बेट पण आहे. दिवाळीपर्यंत सगळं मस्त होतं पण थंडी पडली तशी पानं पिवळी पडून राहिली, कडा जळाल्यासारख्या तपकिरी, आणि जी-नाईनचं नवं पान सुरळीतच अडकून बसलंय, उघडायचं नावच घेत नाही. यूट्यूबवर एक विलायती व्हिडिओ पाहिला, त्यात सगळी पानं छाटून खोडाभोवती कोंबड्यांची जाळी उभी करतात अन् आत तणस ठासून भरतात. नर्सरीवाला म्हणतो मॅडम प्लास्टिक गुंडाळून टाका. आमचे हे म्हणतात उपटून फेक, संत्रा लाव. नेमकं काय करू? वेलचीच्या एका झाडाचा वरचा भाग फुगल्यासारखा दिसतो, केळफूल यायचं असेल बहुतेक, त्याचीच जास्त काळजी आहे.

हिंगणा_रोडवाला
ताई, पानं कापू नका. आपल्याकडे रात्र थंड असली तरी दुपारी बहुतेक वेळा २७-२८ डिग्रीच्या आसपास असतं, त्या वेळात अर्धं हिरवं पान पण झाडाला पोसतं. पूर्ण वाळलेलं किंवा करपा रोगाचे डाग पडलेलं असेल तेवढंच काढा.

सुरळीचं टेन्शन घेऊ नका, १६ डिग्रीच्या खाली नवं पान निघायचा वेग मंदावतो आणि १० च्या आसपास वाढ जवळपास थांबते, झाड मेलं असं नाही. केळीचं खोड म्हणजे पानांच्या देठांची तळची आवरणं एकावर एक गुंडाळलेली असतात, खरा कोंब खाली कंदात, जमिनीलगत. म्हणून तुमच्या जी-नाईनचं वरचं सगळं जळालं तरी कंद शाबूत तर झाड शाबूत. पण वेलचीची गोष्ट वेगळी आहे, निसवायच्या (घड बाहेर पडायच्या) आधी तोच कोंब खोडाच्या मधून वर चढतो, आणि ज्या झाडाचा गळा फुगलाय त्याचं केळफूल आता वरच आहे, तिथं व्हिडिओ पाहून खोड छाटलं तर घड गेलाच समजा, त्या खोडाला दुसरा येत नाही.

करायचं काय तर संध्याकाळी पाणी द्या. ओली जमीन दिवसाची ऊब रात्री हळूहळू सोडते, कोरडी भुसभुशीत माती पटकन गार पडते. विहिरीचं पाणी आहे ना, मग तेच द्या, थंडीत ते नळाच्या पाण्यापेक्षा कोमट असतं. बुंध्याभोवती सोयाबीनचं कुटार (भुसा) नाही तं तणस पसरा पण खोडाला चिकटवू नका, उधई लागते. उत्तरेकडून वारा येतो त्या बाजूला हिरवी नेट बांधा, दक्षिण मोकळी ठेवा, ऊन आलं पाहिजे. प्लास्टिक अजिबात नको बापा, दुपारच्या उन्हात आत वाफ धरते आणि खोड सडतं.

धरमपेठ_ते_लीड्स
तो व्हिडिओ बहुतेक इकडचाच, इंग्लंडचाच असणार 😄 माझ्याकडे पण आहे ते झाड. ती खायची केळी नाही, मुसा बासजू म्हणतात, मूळ दक्षिण चीनची, पानांसाठी लावतात. फळ धरलं तरी आत बियाच बिया. इथं पहिलं दव गोठलं की एका रात्रीत पानं काळी पडून लोंबतात, ती तशीही गेलेली असतात म्हणून छाटायची, मग खोडाभोवती जाळी, आत गव्हाचा कोरडा पेंढा, आणि वर झाकण पाहिजेच कारण इथं थंडीपेक्षा हिवाळ्यातला पाऊस वाईट, पाणी वरून खोडात उतरलं की आतून सडत जातं. एप्रिलमध्ये सोडायचं. बुंध्याशी जाड आच्छादन असेल तर उणे १० च्या खाली पण कंद तगून राहतो आणि वरचं सगळं मेलं तरी खालून फुटतो. लाल पानांची ती अबिसिनियन केळी मात्र इतकी सोसत नाही, ती लोक खणून शेडमध्ये कोरडी ठेवतात.

म्हणजे हा सगळा उपद्व्याप महिनोन्‌महिने झाडाला ऊनच मिळत नाही अशा जागेसाठी आहे. बेस्यात रोज लख्ख ऊन असताना खोड पेंढ्यात कोंबून ठेवायचं काही कारण नाही.

काटोल_नाका_काका
२९ डिसेंबर २०१८ आठवते का कोणाला? नागपुरात ३.५ डिग्री. आमच्या कंपाउंडमधली सगळी केळी सकाळी उकडल्यासारखी दिसत होती. बायको म्हणे काढा ते, शोभा गेली. मी म्हटलं होळीपर्यंत राहू दे. फेब्रुवारीत ऊन तापलं अन् सुरळ्या सुटायला लागल्या. उलट केळीला खरा मार आपल्याकडे मे महिन्यात बसतो, ४५ च्या वर गेलं की घडाचा दांडा भाजतो, त्याची तयारी कोणी करत नाही अन् थंडीत मात्र सगळे शाली घेऊन धावतात.

शेकोटी करून धूर करा असा सल्ला पण कोणीतरी देईलच, शेतात ठीक आहे, कॉलनीत नका करू, शेजारी भांडायला येतात आणि त्यांचं बरोबर असतं.

बेसाची_बाग
खूप खूप थँक्स सगळ्यांना, पानं नाही कापत. नेट आहे घरी, उद्याच बांधते. ते फुगलेलं झाड, त्याला काही करता येईल का? आणि झाडं अशी मरगळली म्हणून थोडा युरिया टाकू का?

हिंगणा_रोडवाला
युरिया आता नको. थंडीत मुळं फारसं खात नाहीत, टाकलेलं पाण्याबरोबर वाहून जाईल. निंबोळी पेंड घाला, झाडाला पाव किलो, मातीत मिसळून. बाकी खत फेब्रुवारीत.

फुगलेल्या झाडाचं सांगतो. थंडीत खोडाचा गळा आवळल्यासारखा राहतो अन् घड बाहेर यायला अडतो, कधी अर्धा वाकडाच निघतो, याला निसवण अडकणं म्हणतात. जबरदस्तीनं ओढू नका, मोडतो. त्या झाडाला पाणी चुकवू नका, बांबूचा टेकू आत्ताच लावून ठेवा कारण घड बाहेर पडला की वजन एका बाजूला जातं. बाहेर आला की पांढरी स्कर्टिंग बॅग चढवा, छिद्रंवाली, खालून उघडी, कृषी सेवा केंद्रात विचारा. घड लहान भरेल, फण्या थोड्या आखूड राहतील, पण वेलची आहे, चवीला फरक पडत नाही. आणि बेटात पील (बुंध्याशी फुटणारी पिल्लं) किती झालेत ते पाहून घ्या, सगळे ठेवले असतील तर एक दांडगा ठेवून बाकीचे जमिनीसपाट कापा, नाही तं पोसायला झाडाला उरतंय काय.

बेसाची_बाग
पील तर जंगलच झालंय 🙈 रविवारी कोयता घेऊन बसवते यांना.