माल्टची गटखरेदी: पोतं फोडायचं की अख्खंच द्यायचं?

भरडगिरणी (धागाकर्ती)

घरी बिअर बनवणाऱ्यांनी एकत्र येऊन माल्ट (मोड आणून वाळवलेला जव) मागवला की स्वस्त पडतो, याबद्दल कुणाचं दुमत नसावं. भांडणं होतात ती माल दारात उतरल्यावर. आमच्या गटाची पुढची यादी सुरू झाली आहे, म्हणून माझं म्हणणं आधीच मांडते. बेस माल्ट, म्हणजे बिअरचा मुख्य माल्ट, फक्त अख्ख्या, शिलाई न उसवलेल्या पोत्यानेच द्यावा. याला पाच किलो, त्याला आठ किलो हा प्रकार बंद करावा. क्रिस्टल, चॉकलेट, रोस्टेड जव या रंग-चवीपुरत्या धान्यांची पोती मात्र फोडलीच पाहिजेत.

हिशेब बघा. २० लिटरच्या, साधारण ५ टक्के अल्कोहोलच्या बॅचला साडेचार ते पाच किलो धान्य लागतं आणि त्यात बहुतेक बेस माल्टच असतो. म्हणजे २५ किलोचं पोतं पाच-सहा बॅचमध्ये संपतं. महिन्याला एक बॅच करणारा माणूसही ते सहा महिन्यांत संपवेल, आणि न भरडलेला माल्ट कोरड्या, गार जागी, घट्ट झाकणाखाली वर्षभर सहज टिकतो. काळ्या माल्टचं गणित उलटं आहे. स्टाउटच्या (काळ्या बिअरच्या) एका बॅचला पाव-अर्धा किलो पुरतो. पाव किलोने धरलं तर एक पोतं १०० बॅचना पुरेल! ते वाटून घेण्याशिवाय इलाज नाही.

मग बेस माल्टचं पोतं फोडलं तर बिघडतं काय? कारखान्यातून निघताना माल्टमध्ये ओल असते जेमतेम ४-५ टक्के. पोतं उसवून दमट हवेत दुपारभर वाटप चाललं की दाणा सादळायला लागतो. ताजा दाणा दाताखाली कुरकुरतो, सादळलेला चिवट लागतो. असा दाणा गिरणीत नीट फुटत नाही, नुसता चेपला जातो, आणि मॅशमधून (गरम पाण्यात भिजवलेल्या भरडीतून) साखर कमी उतरते. शिवाय लॉट नंबर पोत्यावर छापलेला असतो. पिशवीत भरून नेलेला माल्ट कुठल्या लॉटचा होता हे महिन्याभरात कुणालाच सांगता येत नाही.

जबाबदारीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बंद पोत्यात खराबी निघाली तर तक्रार पुरवठादाराकडे जाते. उघडलेल्या पोत्यात निघाली तर ती आयोजकाच्या गळ्यात पडते. फुकट राबणाऱ्या माणसावर हे ओझं टाकलं की पुढच्या वर्षी आयोजकच मिळत नाही आणि गटखरेदी बंद पडते.

पाचलिटर

अजिबात पटलं नाही. मी स्वयंपाकघरातल्या शेगडीवर पाच लिटरची बॅच करतो. मला एका वेळी सव्वा किलो धान्य लागतं. तुमच्या नियमाने मला वीस बॅचचा एकच माल्ट एका दमात घ्यावा लागेल. आणि ठेवू कुठे? २५ किलो माल्टला चाळीस-पंचेचाळीस लिटर जागा लागते, म्हणजे २० लिटरच्या दोन बादल्या भरूनही उरतो. लहान घरात राहणाऱ्याने पलंगाखाली पोती रचायची का?

किरकोळ भावाचा सगळ्यात जास्त मार कुणाला बसतो? एक-एक, दोन-दोन किलो घेणाऱ्याला. ज्याला महिन्याला पोतंभर लागतं तो गटाशिवायही थेट पोतं मागवू शकतो. एकत्र येण्याची खरी गरज आम्हाला आहे, आणि तुमच्या नियमात पहिले बाहेर पडतो ते आम्हीच. नव्या माणसाला तर आपल्याला पिल्सनर आवडतो की पेल, व्हिएन्ना की म्युनिक, हेच कळलेलं नसतं. पाच-पाच किलो चार प्रकारचे घेतल्याशिवाय ते कळायचं कसं?

सादळण्याबद्दल म्हणाल तर दुपारभर पोतं उघडं का राहावं? लोकांनी झाकणाचे डबे घेऊन ठरल्या वेळी यावं, एक पोतं उसवावं, वाटावं, मग दुसरं घ्यावं. एका पोत्याला पंधरा मिनिटं पुरतात. तेवढ्यात दाणा सादळत नाही. गैरव्यवस्थेवर उपाय म्हणून माणसांनाच वगळू नका.

हिशेबनीस

मी अशा खरेद्या बरीच वर्षं सांभाळतो आहे. दोघांचंही बोलणं धान्यावर चाललं आहे, पण गटखरेदी मोडते ती पैशांवर.

पहिलं म्हणजे, पूर्ण पैसे आगाऊ आल्याशिवाय ऑर्डर जाऊ नये. ‘माल आला की देतो’ म्हणणाऱ्याचं नाव यादीत घालूच नये, तो कितीही जवळचा असला तरी. यादी बंद झाल्यावर कुणी माघार घेतली तर त्याचा वाटा घेणारा दुसरा त्यानेच शोधावा. आयोजकाने तो स्वतःच्या खिशातून भरायचा नाही.

दुसरं, वाहतूक आणि हमाली माणशी नव्हे, किलोमागे वाटावी. तीन किलो क्रिस्टल घेणारा आणि चार पोती उचलणारा यांनी सारखा भार का सोसावा? आणि भाडं वजनाच्या प्रमाणात सरळ वाढत नाही हे लक्षात घ्या. २५ किलोची ४० पोती म्हणजे एक टन. अर्ध्या टनाचं भाडं एक टनाच्या निम्मं कधीच नसतं. म्हणून आधी सगळ्यांचे आकडे यावेत आणि भाड्याचा पक्का दर त्यानंतर सांगावा. आधी अंदाजे दर सांगून मागाहून वाढवला की विश्वास उडतो, मग तुम्ही एक पैसाही खाल्लेला नसला तरी.

तिसरा मुद्दा काहींना आवडणार नाही. आयोजकाने किलोमागे थोडी रक्कम उघडपणे घ्यावी. फोन, काटा, पिशव्या, चार तास उभं राहणं, उशिरा येणाऱ्याची वाट पाहणं, हे सगळं फुकट मागणं मला योग्य वाटत नाही. रक्कम हिशेबाच्या कागदावर वेगळ्या ओळीत लिहावी, म्हणजे शंकेला जागा राहत नाही.

पोतं फोडण्याच्या बाबतीत मी भरडगिरणींच्या बाजूने आहे. २५ किलोतून पाच-पाचचे पाच वाटे काढा, शेवटच्याला हमखास कमी मिळतं. थोडं सांडतं, थोडी धूळ उडते, आणि प्रत्येक मापात काटा जरासा पुढेच झुकतो.

ओलं तूस

इथे किड्यांचा विषय कुणीच काढला नाही याचं नवल वाटलं, कारण अख्ख्या पोत्याच्या नियमात मला सगळ्यात मोठा धोका तिथेच दिसतो.

सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी आतच वाढते. म्हणजे वरून स्वच्छ दिसणाऱ्या, शिलाई शाबूत असलेल्या पोत्यातही किडीची सुरुवात झालेली असू शकते. तीस अंशांच्या आसपास तापमान असेल तर साधारण महिन्याभरात पुढची पिढी बाहेर पडते. त्या घरात २५ किलोचं पोतं सहा महिने ठेवलंत तर किती पिढ्या झाल्या ते मोजा. गार तळघर असलेल्याचं ठीक आहे. पंधरा अंशांखाली हा किडा जवळजवळ वाढत नाही. पण तळघर सगळ्यांकडे असतं का?

यावरचा सोपा उपाय म्हणजे आणल्या आणल्या माल्ट हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर आठवडाभर ठेवायचा. अंड्यांसकट सगळं मरतं. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर हवेतली ओल दाण्यावर बसते. हे पाच किलोला जमतं. २५ किलो घरच्या फ्रीझरमध्ये कोण घालणार? तेव्हा उष्ण जागी राहणाऱ्याला लहान वाटा देणं हाच माल्ट वाचवायचा मार्ग आहे. पंधरा मिनिटांच्या दमट हवेपेक्षा सहा महिन्यांची ऊब कितीतरी वाईट.

आणखी एक, हे दोन्ही बाजूंनी ऐकावं. वाटप कुठेही करा, पण जिथे बिअर आंबत ठेवली आहे त्या खोलीत करू नका. माल्टच्या तुसावर लॅक्टोबॅसिलस हा आंबवणारा जिवाणू भरपूर असतो आणि तो धुळीबरोबर सगळीकडे बसतो. नको असलेला आंबटपणा तिथून येतो. वाटणाऱ्यांनी नाकातोंडाला मास्क लावावा, ती धूळ फुफ्फुसांना चांगली नाही.

कोरडा हॉप

माझा विरोध पोतं फोडण्याला नाही, इतक्या मोठ्या एकत्र खरेदीलाच आहे.

सगळ्यांनी एकाच लॉटचा माल घेतला आणि तोच बिघडलेला निघाला तर? शेतात जवावर फ्युझेरियम बुरशी आलेली असेल तर तिची प्रथिनं माल्टमधून बिअरपर्यंत पोचतात आणि बाटली उघडताच अर्धी बिअर फेसाबरोबर उसळून बाहेर येते. हे कळतं केव्हा? बाटल्या भरून काही आठवडे झाल्यावर. तोवर गटातल्या प्रत्येकाने त्या पोत्यातून दोन-तीन बॅच काढलेल्या असतात.

दुसरं दुकानाचं. घरगुती ब्रूइंगचं सामान ठेवणाऱ्या छोट्या दुकानाची नियमित विक्री बेस माल्टवर चालते. ती आपण गटाने काढून घेतली तर त्याने फ्रिज चालवून ताजं यीस्ट कुणासाठी ठेवायचं? आयत्या वेळी यीस्ट हवं, हायड्रोमीटर फुटला, एअरलॉक हवा, तेव्हा आपल्याला दुकान उघडं हवं असतं. हॉप्स आणि यीस्टचं पाकीट तेवढं त्याच्याकडून आणि पोती थेट कारखान्याकडून, हे मला न्याय्य वाटत नाही.

भरडगिरणी

@कोरडा हॉप, लॉटच्या मुद्द्यावरून माझा निष्कर्ष उलटा निघतो. सुटा किलो-दोन किलो घेतलात तर तो कुठल्या लॉटचा हे तुम्हाला कधीच कळत नाही. गटाने पोती घेतली तर लॉट नंबर असतो आणि मागितलं की कारखाना त्या लॉटचा तपासणी-तक्ता देतो: ओल, अर्क, रंग, प्रथिनं, डायास्टॅटिक पॉवर (स्टार्चची साखर करण्याची ताकद). दोघा-तिघांच्या बाटल्या उसळल्या तर बाकीचे लगेच थांबू शकतात. एकटा माणूस आपल्याच स्वच्छतेला दोष देत बसेल.

दुकानाचं मात्र पटलं. गटाची ऑर्डर दुकानदारामार्फतच द्यावी. माल त्याच्या नेहमीच्या गाडीतून येईल, तो घाऊक भावावर थोडा नफा ठेवेल, आपल्याला किरकोळीपेक्षा तरीही स्वस्त पडेल आणि उतरवायला जागा मिळेल. तो नाही म्हणाला तरच थेट जावं.

@ओलं तूस, फ्रीझरचा मुद्दा बिनतोड आहे. पण फ्रीझर घरी आहे ना? मग पोतं घरी नेऊन फोडा आणि पाच-पाच किलोने आळीपाळीने गारवा. वाटपाच्या जागी, आयोजकाच्या हाताने फोडण्याला माझा विरोध आहे.

पाचलिटर

पुन्हा तेच. ‘घरी नेऊन फोडा’ म्हणजे २५ किलो विकत घ्याच.

हिशेबनीस

मधला मार्ग सुचवतो. आयोजकाने बेस माल्ट फोडू नये. पण दोन ते पाच जणांनी मिळून एक पोतं नोंदवलं तर ती ऑर्डर धरावी. त्यांच्यातल्या एकाने बंद पोतं ताब्यात घ्यायचं, पैसेही त्यानेच एकरकमी भरायचे, आणि वाटप त्यांनी आपापसात करायचं. पुरवठादार ते आयोजक ते बंद पोतं, इथे गटाची जबाबदारी संपते. लॉट नंबरचा फोटो प्रत्येक वाटेकऱ्याने ठेवावा, खर्च शून्य.

भरडून देण्याची मागणीही दरवेळी येते. ती सरळ नाकारावी. भरडलेला माल्ट काही आठवड्यांत उतरतो. आणि पिशवीत मॅश करणाऱ्याला बारीक भरड चालते, जाळीवरून रस काढणाऱ्याला तूस शाबूत हवं असतं. रोलरमधलं अंतर एकाला ०.८ मिलिमीटर लागतं, दुसऱ्याला १.२. सगळ्यांसाठी एकच भरड करता येत नाही.

पाचलिटर

वाटेकरी शोधायचे कुणी? जुन्यांच्या ओळखी असतात, त्यांना पाच मिनिटांत जोडीदार मिळतो. नव्या माणसाला कुणीच ओळखत नाही, आणि पैसे एकरकमी भरायचे म्हणजे अनोळखी चौघांची उधारी त्याच्या डोक्यावर. वरवर सगळ्यांना सारखा दिसणारा हा नियम तुमच्या आयोजकाचं ओझं उचलून सगळ्यात कच्च्या खांद्यावर ठेवतो. ऑर्डरच्या यादीतच ‘वाटा हवा’ असा रकाना ठेवा. कुणाला कुठला माल्ट, किती किलो हवा ते सगळ्यांना दिसू दे. २५ किलो जुळले की पोतं पक्कं, नाही जुळले तर त्या लोकांचे पैसे परत. एवढं तरी आयोजकाने करायलाच हवं.

ओलं तूस

रकान्याला माझा पाठिंबा. माझ्याकडे मोठा फ्रीझर आणि १०० किलोचा काटा आहे. पिल्सनरचं एक पोतं मी ताब्यात घेऊन फोडायला तयार आहे, चौघांपर्यंत.

भरडगिरणी

रकाना घालते. पण अट अशी की यादी बंद होण्याच्या तीन दिवस आधीपर्यंत जुळलं तरच, त्यानंतर मी जोड्या लावत बसणार नाही. आणि पोतं ताब्यात घेणाऱ्याचं नाव आधी हवं. ‘बघू कोण घेतंय’ असं चालणार नाही. मुळात अख्ख्या पोत्याचाच नियम बरा हे माझं मत कायम आहे. यंदा रकान्याने किती पोती जुळतात त्यावर पुढच्या वर्षीचं ठरवू.

@पाचलिटर, ओलं तूस यांच्या पोत्यात तुमचे किती किलो लिहू?

पाचलिटर

पिल्सनर सहा. आणि व्हिएन्नाचा रकाना उघडा, त्यात चार.