घर ते घर किती तास? दूरच्या विमानप्रवासाचे अनुभव लिहा

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर, थेट विमानाला पंधरा-सोळा तास. तिकिटावर एवढंच दिसतं. पण सेलूच्या किंवा उदगीरच्या माणसाचा प्रवास त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. मराठवाड्यातून लांब गेलेल्यांनी, आई-बाबांना पाठवलेल्यांनी आपापला हिशोब मांडा.

लातूर
आम्ही मुंबईच्या वाटेला जातच नाही. जहीराबादवरून हैदराबाद, बाहेरच्या बाहेर रिंगरोडने शमशाबाद. पोरगा डॅलसला. दुबईपर्यंत चारेक तास, काही वाटत नाही. खरी परीक्षा पुढं, दुबई-डॅलस जवळपास १३,००० किलोमीटर, सोळा तास. पाय पार सुजतात. तासातासाला उठून मागच्या बाजूला उभा राहतो, हवाईसुंदरी आता ओळखीनं हसतात.

परभणी
बाबांना लंडनला नेलं. दुपारी दोनला मुंबईहून निघालो, तिथल्या घड्याळात संध्याकाळचे साडेसहा. बाबा म्हणाले, "साडेचार तासांत लंडन? मग आपली रेल्वे मुंबईला रात्रभर कामून घेती?" उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागं असतं, म्हणजे प्रत्यक्षात नऊ तास झाले, हे समजवायला परतीचा प्रवास पुरला नाही. येताना वेळही कमीच लागला.

जालना
समृद्धीने आमण्यापर्यंत मजेत. पुढं ठाण्यातली गर्दी! विमान पकडायचं असेल तर तिथले दोन तास वेगळे धरा.

अंबाजोगाई
परभणीकर ताई, येताना वेळ कमी लागतो तो वाऱ्यामुळे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. पृथ्वी फिरते म्हणून, असं आमच्याकडे चहाच्या टपरीवर ठासून सांगतात. तसं नाही, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. याचं झकास उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं. २०१६ मध्ये एअर इंडियाने अटलांटिक सोडून प्रशांत महासागरावरून विमान न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे १३,९०० वरून १५,३०० किलोमीटरवर गेलं, पण वारा पाठीशी असल्याने वेळ दोनेक तासांनी घटला. म्हणून नुसते किलोमीटर बघून वेळ ठरवू नये.

छत्रपती संभाजीनगर
चिकलठाण्याहून मुंबई तासाभराची. पण देशांतर्गत विमान सांताक्रूझच्या टर्मिनलला उतरलं आणि पुढचं सहारहून असलं, की सामान घ्या, बाहेर पडा, रस्त्याने जा, पुन्हा तपासणी. आम्ही दोन्ही विमानं एकाच तिकिटावर काढतो. पहिल्याला उशीर झाला तरी पुढची सोय कंपनीने करायची असते. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात खरी, पण रात्री दोनला मुंबईत अडकल्यावर ती बचत हॉटेलातच जाते.

नांदेड
आई पहिल्यांदाच एकटी चालली आहे, इंग्रजी येत नाही. काय करावं?

लातूर
तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा, चालता येत असलं तरी. माणूस सोबत राहतो, विमान बदलताना थेट गेटवर नेऊन सोडतो. आणि मुलाचा पत्ता, फोन कागदावर लिहून पर्समध्ये द्या. मोबाइल ऐनवेळी बंद पडतो.