जास्त पळालेल्या ट्रकचं गिअर ऑइल

कुणीतरी म्हटलंय की ६ लाख किमी झालेल्या ट्रकचं गिअर ऑइल आता बदलूच नका, बदललं की गिअर स्लिप होतो. अहो ती भीती ऑटोमॅटिकवाल्यांची, त्यात क्लच प्लेटा ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. आपल्या मॅन्युअल गिअरबॉक्सात तसलं काही नाही, बिनधास्त बदला. फक्त गाडी फिरवून आणून ऑइल गरम असतानाच सोडा, आणि आधी भरायचा प्लग सुटतोय का बघा मगच खालचा खोला, नाहीतर खालून सगळं रिकामं आणि वरचा जाम, बसा मग हातोडा घेऊन. खालच्या प्लगला चुंबक असेल तर त्यावर काळपट बारीक लगदा दिसेल, तो येणारच, पण बोटाला टोचणारे तुकडे लागले तर नुसतं ऑइल बदलून भागणार नाही, गिअरबॉक्स खोलावाच लागेल. ऑइलचा ग्रेड गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलाय तोच. जीएल-४ (गिअर ऑइलचा एक प्रकार) सांगितलं असेल तर दुकानदार 'भारी आहे' म्हणून जीएल-५ गळ्यात मारतो ते घेऊ नका, त्यातल्या गंधकाच्या अ‍ॅडिटिव्हने पितळी सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना वेग जुळवून देणाऱ्या) खराब होऊ शकतात. भरताना गाडी सपाट जागेवर, लेव्हलच्या भोकातून ऑइल बाहेर यायला लागलं की बस. आणि हो, ब्रीदर (गिअरबॉक्समधला हवेचा दाब बाहेर सोडणारं भोक) साफ करा, तो चिखलाने बुजला की ऑइल सीलमधून गळतं आणि लोक उगाच सीलला शिव्या घालतात.