बंद केलेल्या कार्डाची वसुली, परभणीला अण्णांना फोन यायलेत

मंडळी नमस्कार,
इथं बँकेच्या वसुलीवाल्यांचा अनुभव आहे का कुणाला? अण्णा परभणीला असतात, मोंढ्यात आडत आहे. त्यांचं क्रेडिट कार्ड जानेवारी २०२३ मधे बंद केलं, मी सुट्टीला गेलतो तवाच, सगळी बाकी भरून, खातं बंद झाल्याची बँकेची मेल पण आली. अण्णांनी कार्डाचे कात्रीनं चार तुकडे केले अन् पेपरात गुंडाळून कपाटात ठेवले, फेकले नाहीत, कुणी जोडून वापरलं तर म्हणून. आता दोन आठवड्यांपासून एक पोरगं फोन करायलंय की ११,३४० रुपये बाकी आहेत. परवा सकाळी साडेसातला, अन् काल भर दुकानात, सोयाबीनचं माप चालू, शेतकरी-हमाल सगळे ऐकायलेत. अण्णांना लई लागलं ते. म्हणायलेत दोन हजार टाकून देऊ, कटकट मिटंल. टाकू का?

---

दादा, एक रुपया टाकू नका!
मी बीडचा, आधी बँकेच्या वसुलीतच चार वर्षं काढलीत म्हणून सांगायलोय. थोडे टाका म्हणणं ही आमची जुनीच युक्ती, माणसानं काही भरलं की देणं कबूल असल्यासारखं होतं, अन् मुदत कायद्यात अशा उधारीचा कोर्टात दावा करायला ३ वर्षं असतात, ती संपायच्या आत भरणा झाला अन् त्याची लेखी नोंद राहिली तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजतात. फोनवर "बघतो, देतो" असलं पण बोलू नका म्हणावं अण्णांना. लेखी पाठवा, एवढंच.

बँकेच्या तक्रार विभागाला मेल टाका, ती बंद झाल्याची मेल जोडून, अन् बंद केल्या तारखेपासूनचं स्टेटमेंट मागा. रक्कम कशातून आली ते तिथंच उघडं पडतं. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे, बाकी नसंल तर बंद करायचा अर्ज ७ कामाच्या दिवसांत निकाली काढायचा, नसता दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला. हे मेलमधे लिहाच, भाषा लगेच बदलते त्यांची. सकाळी ८ च्या आधी अन् संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही, साडेसातच्या फोनचा स्क्रीनशॉट ठेवा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, म्हंजे बँकांच्या तक्रारी बघणाऱ्याकडं, ऑनलाइन तक्रार, फुकट आहे, वकील लागत नाही, अण्णांनी अधिकार दिला तर तुम्ही असाल तिथून करू शकता.

---

मी लातूरची. सिबिल, म्हंजे कर्ज-कार्डाच्या परतफेडीची नोंद, बघितली का अण्णांची? वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तिथं थकीत दिसत असंल तर तिथंच वेगळी तक्रार टाका. आमच्या भावजींनी बँकेशी भांडून घेतलं पण रिपोर्ट तसाच राहिला, ट्रॅक्टरच्या कर्जाला गेले तवा कळलं. आता तक्रार निकाली काढायला ३० दिवसांच्या वर लावले तर दिवसाला १०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात.

---

मंडळी, स्टेटमेंट आलं १९ दिवसांनी. मूळ आकडा किती माहितेय? ५८८ रुपये ८२ पैसे! ४९९ वार्षिक फी अन् वर १८ टक्के जीएसटी, तेही कार्ड बंद झाल्यावर तीन महिन्यांनी लावलेली. बाकी सगळं लेट फी अन् व्याजावर व्याज. बंद कार्डाची वार्षिक फी, धन्य आहे बाबा. मी तेवढी एक ओळ पिवळी करून परत पाठवली अन् त्या ५०० चा नियम खाली चिकटवला, चौथ्या दिवशी मेल, "आपली बाकी शून्य." दिलगिरी वगैरे काही नाही. सिबिलवर अजून थकीतच दिसतंय, ती तक्रार लातूरच्या काकूंनी सांगितल्यासारखी काल टाकली.

अण्णांना मेल वाचून दाखवली तर म्हणले कागद पाठव. झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून, लॅमिनेशन करून काउंटरवरच्या काचेखाली लावलाय आता, ज्या शेतकऱ्यानं तो फोन ऐकलता त्याला बोलावून दाखवला पण म्हणे.