होपी भांडे विकत घेताना काय पाहावे?

प्रश्न

आम्ही फिनिक्सला राहतो आणि लवकरच फ्लॅगस्टाफमार्गे होपी या अॅरिझोनातील मूळ रहिवासी जमातीच्या गावांकडे जाणार आहोत. घरासाठी एकच, पण अस्सल मातीचे भांडे घ्यायचे आहे. नक्षी घराण्यांत चालत येते, असे ऐकले आहे. ते घराणे कसे ओळखावे आणि खरेदी कोठे करावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

होपी गावे फर्स्ट, सेकंड आणि थर्ड अशा तीन मेसांवर, म्हणजे सपाट माथ्याच्या डोंगरांवर व त्यांच्या आसपास आहेत. सेकंड आणि थर्ड मेसाची ख्याती टोपल्यांसाठी आहे. भांड्यांसाठी फर्स्ट मेसाच्या पायथ्याशी असलेल्या पोलाका गावी जावे, कारण तेथील अनेक कारागीर घरूनच विक्री करतात. भांडे हाती घेतले की आधी घराणे विचारावे, किंमत नंतर. फर्स्ट मेसावरील हानो गावच्या नाम्पेयो या कुंभार स्त्रीने जवळच्या सिक्यात्की या ओसाड गावातील खापरांवरची नक्षी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा प्रचारात आणली. दृष्टी गेल्यावरही त्या केवळ स्पर्शाने भांडी घडवीत राहिल्या आणि रंगकाम घरची माणसे करीत. त्यांची मुलगी फॅनी यांच्या भांड्यांच्या खांद्यावर गोलाकार फिरणाऱ्या अतिशय बारीक, एकमेकींच्या अगदी जवळ ओढलेल्या रेषा दिसतात. ती पूर्वजांच्या स्थलांतराची नक्षी मानली जाते आणि पुढच्या पिढ्यांनीही ती जपली आहे.

भांडे उलटे करून तळ अवश्य पाहावा. दुसऱ्या एका घराण्यातील पाक्वा नाहा या कुंभार स्त्री सहीऐवजी आखूड बोटांचा बेडूक काढीत, तर त्यांची मुलगी जॉय नावासी यांचा बेडूक पडद्याच्या पायांचा असे. पाक्वांच्या सूनबाई हेलन नाहा पिसाची खूण करीत. त्यांची काळी-पांढरी नक्षी अवातोवी या ओसाड होपी गावच्या जुन्या खापरांवरून आलेली आहे. एकाच घरातील सासू, लेक आणि सून अशा वेगवेगळ्या खुणांनी ओळखू येतात, हे मला फार मोलाचे वाटते.

उत्तर २

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. भांड्याच्या अंगावर पिवळ्या-नारिंगी छटांचे डाग दिसले तर तो दोष समजू नये. मेंढीच्या लेंड्यांच्या उघड्या आगीत भाजताना ते आपोआप उमटतात. काळा रंग रानटी वनस्पती उकळून केलेला असतो आणि युक्का या वाळवंटी झुडपाच्या पात्याच्या कुंचल्याने लावतात. अशा भांड्यात पाणी मात्र कधीही भरू नये. गावांत छायाचित्रे काढण्यास आणि रेखाटने करण्यास मनाई आहे, ती कसोशीने पाळावी. शक्य झाल्यास आधी फ्लॅगस्टाफचे म्युझियम ऑफ नॉर्दर्न अॅरिझोना पाहावे. जुनी भांडी नजरेखालून गेली असली की पोलाकात निवड करणे सोपे जाते.